रूडीने तो गोल सोडला नव्हता

आमच्या नॉर्थ शाफ्ट गावात रूडी केम्पायनेनला शिव्या न देणारा माणूस शोधायचा, तर दफनभूमीत जावं लागेल. आणि तिथलेही गप्प आहेत ते केवळ नाइलाजाने. कारण रूडी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पुढे लोखंडी फाळ लावलेला नारिंगी ट्रक घेऊन तो पहाटे निघतो आणि रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतो. बाजूला म्हणजे कुठे? तर लोकांनी कमरेत उसण भरेस्तोवर खोरं मारून नुकतंच मोकळं केलेलं जे अंगण, त्याच्या नेमक्या तोंडाशी. कंबरभर बांध घालून स्वारी पुढच्या घराकडे.

यात भेदभाव मात्र नाही. पाद्रीबाबांच्या दारात बांध, महापौरांच्या दारात बांध. एका सकाळी त्याची बायको बर्निस खिडकीशी कॉफी पीत उभी होती, तर हा गडी स्वतःच्याच अंगणापुढे बांध घालून, हात हलवून, निघून गेला.

"अरे, निदान आपल्या घरापाशी तरी फाळ जरा उचलायचास!" संध्याकाळी ती म्हणाली.

"उचलला असता, तर शेजारणीने विचारलं असतं, तिच्या घरापाशी का नाही उचलला."

"ती तसंही काही ना काही विचारतेच."

"मग निदान उत्तर तरी खरं द्यायला नको का?"

हा असा माणूस. बर्निसने त्याच्याशी लग्न का केलं, यावर गावात तीन कहाण्या आहेत. तिन्ही रसाळ आहेत, पण त्या आज नकोत. आज त्याच्या दुसऱ्या वेडाची गोष्ट.

रूडीला विसाव्या वर्षी ट्रॅमर्समध्ये गोलकीपर व्हायचं होतं. खाणी चालू होत्या तेव्हा दगडाच्या गाड्या ढकलणाऱ्यांना ट्रॅमर म्हणत. खाणी बंद पडल्या, गाड्या गंजल्या, नाव तेवढं आमच्या आइस हॉकी संघाला चिकटून राहिलं. लीग व्यावसायिक, पण अगदी खालच्या पायरीची. वर जाण्याची वाट पाहणारी पोरं आणि वरून परत पाठवलेले दमलेले गडी एकाच बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपतात, अशी. पण गावाला तेवढंच पुरेसं होतं. तर विसाव्या वर्षी रूडी चाचणीला गेला, तीन दिवस जाळ्यापुढे उभा राहून पक, म्हणजे बर्फावरून सुसाट येणारी ती रबरी चकती, अडवत राहिला, आणि चौथ्या दिवशी कोच हार्वी ट्रेझोनाने त्याला बाजूला घेतलं.

"केम्पायनेन, तुझे पाय बरे आहेत, हात बरे आहेत. पण पक आला की तू डोळे मिटतोस."

"नाही मिटत, कोच."

"मिटतोस. तुला कसं दिसणार? डोळे मिटलेले असतात ना तेव्हा!"

सगळी पोरं हसली. रूडी पिशवी उचलून घरी गेला. आणि तेव्हापासून पुढची तेवीस वर्षं त्याने एकच गोष्ट मनाशी धरली: एकदा, फक्त एकदा, खऱ्या सामन्यात जाळ्यापुढे उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. हरलो तरी चालेल. पण मिटलेल्या डोळ्यांनी नाही. बुधवारी संध्याकाळी सुतार, पोस्टमन आणि दंतवैद्य मिळून जी हौशी हॉकी खेळतात, त्यात तो दर हंगामात उभा राहायचा. घरी तळघरात बर्निसला समोर उभं करून, तिच्याकडून तोंडावर टेनिसचे चेंडू मारून घ्यायचा. बर्निसचा नेम त्यातून चांगलाच सुधारला. याचे परिणाम त्यांच्या संसारात दिसले असं म्हणतात. खरंखोटं ती जाणे.

मग त्याला मार्ग सापडला. लीगचा नियम असा आहे की यजमान गावाने प्रत्येक सामन्याला एक राखीव गोलकीपर हाताशी ठेवायचा. दोन्ही संघांत मिळून एकच. कुठल्याही संघाचे गोलकीपर जायबंदी झाले, तर त्या संघाने त्याला बोलवायचं. वर्षानुवर्षं कुणाला बोलवावं लागत नाही. तरी रूडीने ते काम मागून घेतलं आणि नऊ हंगाम केलं. काम म्हणजे काय, तर रिंकवर, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानाशी, चौदा नंबरच्या खुर्चीवर बसून सामना बघायचा आणि बिअरला हात लावायचा नाही. नॉर्थ शाफ्टमध्ये नऊ हंगाम रिंकवर बिअर न पिणं म्हणजे काय, हे परक्याला सांगून कळणार नाही. लोक त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

पॅड, मुखवटा वगैरे सामानाची पिशवी तो हिल्डाच्या टपरीत ठेवायचा. हिल्डा सिमोनेन रिंकच्या कोपऱ्यात कॉफी आणि पेस्टी विकते. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि रुटाबागाचा कंद भरलेली, तळहातापेक्षा मोठी करंजी. रूडीची पिशवी तिच्या भट्टीखाली. गाडीत ठेवली तर पॅड गोठून लाकूड होतात.

"रूडी, तुझ्या पॅडांचा वास माझ्या पेस्टीला लागतो," हिल्डा दर शनिवारी म्हणायची.

"मला वाटलं, तुझ्या पेस्टीचा माझ्या पॅडांना लागतो."

"मेल्या, तुला बोलावतील त्या दिवशी मी रिंकवर उघड्या पायांनी नाचेन."

हे तिने चारचौघांत म्हटलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

आता त्या हंगामाबद्दल. दोन नंबरच्या खाणीची चिमणी पाडली, ते वर्ष. ऑक्टोबरात ट्रॅमर्सनी पहिले पाच सामने जिंकले आणि गावाने गाड्यांना झेंडे लावले. नोव्हेंबरात सगळ्यात जास्त गोल करणारा पोरगा वरच्या लीगने उचलून नेला. डिसेंबरात ओळीने आठ सामने हरलो. झेंडे गुपचूप उतरले, आणि आपण कधी लावलेच नव्हते असं लोक सांगू लागले. जानेवारीत संघाची बस दक्षिणेकडच्या मोठ्या पुलाच्या अलीकडे वादळात अडकली. चौदा तास. आत बावीस माणसं, एक बंद पडलेला हीटर आणि हिल्डाने वाटेसाठी दिलेल्या चाळीस पेस्ट्या. त्या बसमधून उतरलेला संघ वेगळाच होता. आत काय घडलं कुणी सांगत नाही. पण फेब्रुवारीपासून हे लोक असे खेळू लागले की समोरच्याने घाबरून वाट द्यावी. हिल्डाच्या मते तो सगळा रुटाबागाचा गुण. गावाच्या मते तो कप्तान ल्यूसियन ट्रुडेलचा गुण.

लू ट्रुडेल तेहतीस वर्षांचा. कॅनडातल्या क्वेबेकचा. समोरचे चार दात नाहीत, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. सहा गावांतून खेळत खेळत आमच्याकडे आला आणि राहिला. देखणा म्हणता येणार नाही, पण गावातल्या बायका त्याला पेस्टीत मांस जास्त घालून देत.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. घरच्या रिंकवर, पुलापलीकडच्या दक्षिणेतल्या, म्हणजे आमच्या भाषेत पुलाखालच्या, पोर्ट अल्डनशी. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची अंतिम फेरी, अकरा वर्षांत पहिल्यांदा. बरोबरी चालणार नव्हती. पोर्ट अल्डनची जागा आधीच पक्की होती. पण पुलाखालच्या लोकांना आमच्या तोंडचा घास काढण्यात जो आनंद मिळतो, तो त्यांना स्वतः जेवण्यातही मिळत नाही.

त्यांच्याकडे त्या दिवशी एकच गोलकीपर होता. दुसऱ्याला सकाळीच वरच्या लीगने बोलावलं, आणि त्याच्या जागी येणारा पोरगा बर्फामुळे वाटेत अडकला. (तो रस्ता शेजारच्या काउंटीचा होता, हे रूडी आजही आवर्जून सांगतो.) दुसरा डाव संपायला दोन मिनिटं होती, दोन-दोन बरोबरी होती, आणि त्यांच्या त्या एकुलत्या गोलकीपरने पाय असा फाकवला की मांडीतला स्नायू फाटल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू आला. निदान पहिल्या रांगेचं म्हणणं तसं. त्याला उचलून नेलं, आणि पंचांनी उरलेली दोन मिनिटं तिसऱ्या डावाला जोडली.

मग भोंग्यावरून आवाज आला: "रूडी केम्पायनेन यांनी ताबडतोब पाहुण्यांच्या खोलीत यावं."

तीन हजार माणसांनी एकदम चौदा नंबरच्या खुर्चीकडे माना वळवल्या. मग जो हशा उसळला! आमचा फाळवाला, आणि त्यांच्या जाळ्यात! लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. देवाने अकरा वर्षांनी आमचं ऐकलं होतं, आणि तेही इतक्या बेरकीपणे.

रूडीने हातातली कॉफी खुर्चीखाली ठेवली. हिल्डाने भट्टीखालची पिशवी ओढून काढली आणि त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"रूडी, आता शहाण्यासारखं वाग, हं."

"तेवीस वर्षं तेच करतोय."

"तसं नाही रे. तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

त्याला कळलं होतं. म्हणूनच तो पिशवी सावरत भराभर चालू लागला.

पाहुण्यांच्या खोलीत त्याला पस्तीस नंबरची निळी जर्सी मिळाली, पाठीवर कुणा दुसऱ्याचंच नाव, आणि पोटावर एवढी घट्ट की तो बटाट्याच्या पोत्याला मोजा घातल्यासारखा दिसत होता. पाहुण्यांच्या कोचने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काम काय करतोस?"

"बर्फ सारतो."

"आणि या गावात राहतोस."

"जन्मापासून."

"म्हणजे आमचं काही खरं नाही," कोच म्हणाला.

रूडीने रस्तेखात्याच्या नारिंगी रंगाने रंगवलेला मुखवटा डोक्यावर चढवला. "मी उभा आहे तोवर खरं आहे," तो म्हणाला, आणि बर्फावर गेला.

तिसऱ्या आणि शेवटच्या डावाच्या आधी लू त्याच्या जाळ्याजवळून घसरत गेला. "रूडी, दार उघडं ठेव रे!"

"बंद आहे, लू. ढकलून बघ."

लू हसला. तो विनोद नव्हता, हे त्याला पहिल्या तीन मिनिटांत कळलं. पहिला शॉट रूडीच्या पॅडला लागून उडाला. दुसरा छातीवर. तिसरा त्याने हातमोज्यात असा पकडला की गर्दीतून चुकून टाळ्या पडल्या, आणि ज्यांनी वाजवल्या त्यांनी लगेच हात खिशात घातले. चौथा, पाचवा. हशा ओसरला. नववा अडवला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, तू कुणाच्या बाजूचा आहेस?" बाराव्याला पेस्टीचा तुकडा बर्फावर येऊन पडला, रुटाबागासकट. हिल्डाचाच माल. पंधराव्याला बर्निसच्या मागे बसलेला माणूस म्हणाला, "याच्या अंगणात मी स्वतः दहा ट्रक बर्फ टाकतो!"

बर्निस वळली. "टाक की! तो रोजच टाकतो, आम्हाला सवय आहे."

आत मुखवट्याखाली रूडीला यातलं काही ऐकू येत नव्हतं म्हणावं, तर ते खोटं होईल. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आवाजावरून माणसं ओळखत होता, त्यांची घरं, त्यांची अंगणंसुद्धा. घाम डोळ्यांत उतरत होता, झोंबत होता. तरी पापणी हलू दिली नाही. अकरा वर्षांनी आलेली संधी गावाची होती, ठाऊक होतं त्याला. तेवीस वर्षांनी आलेली त्याची होती. आणि दार उघडं ठेवून उभा राहिला असता, तर मग हार्वी ट्रेझोनाचंच खरं ठरलं असतं. डोळे मिटायचे प्रकार अनेक असतात.

सतरा शॉट त्याने अडवले. एक्केचाळीस सेकंद उरले होते तेव्हा लूला डावीकडे पक मिळाला. समोर दोघं आडवे होते. त्याने काठी फिरवली. पक त्या दोघांच्या मधून आला, हवेत वाकडातिकडा फडफडला, आणि रूडीच्या डाव्या खांद्यावरून, वरच्या दांड्याच्या खाली, जाळ्यात.

छप्पर उडायचं बाकी राहिलं. तीन-दोन. प्लेऑफ!

मग जे झालं ते रूडीला सतरा शॉटपेक्षा जड गेलं. पोर्ट अल्डनचे खेळाडू एकेक करून आले आणि हरलेले असूनही त्याच्या पॅडवर काठी टेकवून गेले. गोलकीपर नीट खेळला की असंच करतात. ते ठीक होतं. पण मागून आमचे लोक आले. त्याला खांद्यावर घेतलं. निळ्या जर्सीसकट. "शाब्बास रूडी! काय नाटक केलंस! सतरा अडवून शेवटचा सोडलास, पुलाखालच्यांना संशयसुद्धा नाही आला!"

"मी सोडला नाही," रूडी वरून म्हणाला.

"अगदी बरोबर! असंच म्हणत राहा!"

आणि एकाने डोळा मारला. त्या आठवड्यात नॉर्थ शाफ्टमध्ये एवढे डोळे मारले गेले की डोळ्यांच्या डॉक्टरने साथ आली असं समजावं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचनात स्वजनांवरच्या मूक प्रेमाचा विषय घेतला आणि सहाव्या रांगेकडे बघून मान डोलावली. किराणा दुकानदाराने कॉफीचा डबा हातात कोंबला. दुपारी शेजारच्या सॉनामध्ये सात उघडे पुरुष फळ्यांवर घाम गाळत बसले होते. त्यातला म्हातारा दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "रूडी, रक्त शेवटी रक्ताकडेच ओढतं."

"मला हरवलं त्याने! सरळ हरवलं! मी सोडला नाही!"

"कळतंय रे. बाहेर सांगणार नाही आम्ही."

रूडी उठला आणि तसाच दार उघडून बर्फात गेला. शेजारणीने खिडकीतून जे पाहिलं ते तिने सभ्यपणे फक्त अकरा जणींना सांगितलं. पण एक गोष्ट सगळ्यांनी ऐकली. गुडघाभर बर्फात, अंगातून वाफा निघत असताना, तो ओरडत होता: "मी! सोडला! नाही!"

त्या रात्रीच्या जेवणाला बर्निस म्हणाली, "असू दे ना. पहिल्यांदाच गाव तुझ्यावर खूश आहे. बांधाबद्दलसुद्धा कुणी बोलत नाही."

"बर्निस, ते मला लबाड म्हणताहेत."

"प्रेमाने म्हणताहेत."

"तेच तर. शिवी दिली असती तर मी काही म्हटलं नसतं." त्याने काटा खाली ठेवला. "मी हरलो तरी चालेल म्हटलं होतं. हरलो. आता ते हरणंसुद्धा माझ्याकडून काढून घेताहेत."

मंगळवारी सकाळी पाळी संपवून तो ट्रक घेऊन थेट रिंकवर गेला. ट्रॅमर्सचा सराव होता, आणि प्लेऑफ तोंडावर असल्यामुळे पन्नासेक रिकामटेकडे बघायला जमले होते. रूडीने भट्टीखालची पिशवी काढली, पॅड बांधले, आणि लूपुढे जाऊन उभा राहिला.

"लू, शनिवारचा शॉट मार."

"काय?"

"तोच शॉट. तिथूनच. या सगळ्यांसमोर. गेला, तर यांना दिसेल की तो कुणालाच अडवता येत नाही."

लूच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. त्याला कारण होतं. शनिवारपासून त्याचा फोटो पेपरात होता. हिल्डाने 'लू स्पेशल' नावाची पेस्टी काढली होती. आणि पेपरवाल्याला त्याने सांगितलं होतं की तो वरचा डावा कोपरा आपण फार आधीपासून हेरून ठेवला होता. पण पन्नास माणसांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने पक घेतला.

पहिला शॉट खाली उजवीकडे. अडवला. दुसरा वर मारला, तो काचेवर आदळला. तिसरा खांद्यावर, अडवला. रूडी पुन्हा पुन्हा जाळ्यापुढे येऊन वाकून पवित्रा घेत होता, घाम पुसत नव्हता. वीस शॉट झाले. सोळा अडवले, तीन बाहेर गेले, एक खालून घुसला. वरच्या कोपऱ्यात एकही नाही.

आता गंमत बघा. रूडी जितके अडवत होता, तितका स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा करत होता.

"बघा, बघा!" हिल्डा टपरीतून ओरडली. "सगळे अडवतोय! मग शनिवारचा तेवढाच कसा सुटला? मी म्हणतच होते, सोन्यासारखा माणूस आहे!"

बर्निस कठड्याशी आली होती. ती खाली वाकून दात आवळून म्हणाली, "अरे, मग दोन-चार जाऊ दे ना आत! तुला हेच दाखवायचंय ना?"

"मुद्दाम जाऊ देणारा असतो," रूडी धापा टाकत म्हणाला, "तर इथे कशाला आलो असतो?"

बर्निसने त्याच्याकडे पाहिलं. मग सरळ झाली आणि लूकडे वळली. "मार रे. थांबू नकोस."

एकविसावा. अडवला. बाविसावा काचेवर. रूडी उठला, मुखवटा नीट केला. "हा नाही, लू. तोच मार."

तेविसाव्याला रूडीला उठायला वेळ लागला. त्रेचाळीस वर्षांचे गुडघे, पहाटेपासून ट्रक हाकलेला. एक पाय टेकवला, काठीवर भार दिला, मग दुसरा. "तोच," तो म्हणाला. "मी इथेच आहे. दुपारपर्यंत आहे. लागलं तर उद्याही येतो."

लू बराच वेळ पक काठीने इकडून तिकडे करत राहिला. त्याच्या गुडघ्यांना पट्ट्या होत्या आणि बिनदातांच्या तोंडाला हसू आणायचं काम कठीण जात होतं. मग त्याने काठी बर्फावर टाकली.

"नाही जमत," तो म्हणाला. "मारलाच नव्हता मी तो."

"म्हणजे?"

"मी खाली उजवीकडे मारला होता. नेहमी तिकडेच मारतो, याला माहीत आहे, हा तिकडेच बसला होता. माझ्या काठीचं पातं तडकलेलं होतं. पक पात्यावरनं उलटला आणि भलतीकडे गेला." त्याने गर्दीकडे पाहिलं. "तो कुठे चाललाय हे मलाच माहीत नव्हतं. याला कुठून कळणार? कळलंच नाही, तर सोडणार कसा?"

सगळी गर्दी कठड्यावर ओणवी झाली.

"मग पेपरात हेरून ठेवला होता म्हणालास ते?" हिल्डाने विचारलं.

"हिल्डा, त्याने विचारलं, मी बोललो."

"आणि माझी लू स्पेशल?"

"पेस्टी चांगली आहे गं."

"पेस्टी चांगली आहेच, मेल्या! प्रश्न नावाचा आहे!"

आणि मग पन्नासही जण लूवर तुटून पडले. तो सगळा आरडाओरडा चालू असताना पहिल्या रांगेतून एक म्हातारा कांबळं सावरत कठड्याशी आला. हार्वी ट्रेझोना, ब्याऐंशी वर्षांचा. अजून एकही सराव चुकवत नाही. त्याने काठीने कठड्यावर टकटक केलं.

"केम्पायनेन."

"काय, कोच?"

"शनिवारी मी जाळ्यामागेच बसलो होतो. पक फिरला तेव्हा तुझी मानही फिरली. बघत होतास तू त्याच्याकडे. थेट जाळ्यात जाईपर्यंत."

रूडीने मुखवटा वर केला.

"डोळे उघडे होते," हार्वी म्हणाला. "उघडे असून गेला. म्हणजे गोलकीपर म्हणून तू बेताचाच. पण ते मी तेव्हाही सांगू शकलो असतो. उगाच डोळ्यांवर ढकललं."

एखाद्याने हे ऐकून काठी आपटली असती. रूडीचा चेहरा असा उजळला की बर्निस सांगते, लग्नाच्या दिवशीही एवढा उजळला नव्हता. "थँक्यू, कोच," तो म्हणाला, आणि पॅड सोडायला बसला.

प्लेऑफमध्ये आम्ही ओळीने चार सामने हरलो. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. हिल्डाने पेस्टीचं नाव बदललं नाही, फक्त कडेला एक वाकडी घडी घालते आता. उघड्या पायांनी नाचण्याचा विषय काढला की तिला ऐकू कमी येतं. रूडी दर शनिवारी चौदा नंबरवर कॉफी घेऊन बसतो, पिशवी भट्टीखाली. त्याला कुणी डोळा मारत नाही. लोक पूर्वीसारख्या शिव्या देतात, आणि त्याची तब्येत सुधारली आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या वर्षीचं शेवटचं वादळ आलं. सकाळी लू भाड्याच्या घरातून बाहेर पडला, तर अंगणाच्या तोंडाशी छातीपर्यंत बांध. खोरं घेऊन तो त्याच्यावर चढला, आणि नेमका तेव्हाच नारिंगी ट्रक कोपऱ्यावरून परत आला.

"रूडी! सगळ्यांना कंबरभर, आणि मला छातीभर? का रे?"

रूडीने काच खाली केली, ट्रकचा वेग जरासुद्धा कमी केला नाही.

"मी नेम शेजारच्या घरावर धरला होता, लू. काय करू? फाळ तडकलाय!"